काळं करमल

गाडीचा नुसता आवाज ऐकून तिला काय झालंय हे सांगणारा माणूस अख्ख्या पेडणे तालुक्यात एकच आहे. तो म्हणजे मी, साईश मळीक, राहणार हळर्ण! हे मी स्वतःच सांगतोय म्हणून दुसरं कुणी सांगत नाही असं समजू नका. माझी धाकटी बहीण सेजलसुद्धा सांगते. फक्त सांगताना ती हसते.

मी कॉलेजात मोटारसायकल इंजिनिअरिंग शिकतो. तिसरं वर्ष. पण हे वाक्य आमच्या वाड्यावर उच्चारायची सोय नाही. शेजारचे भिकाजीकाका मला भेटले की दर वेळी नव्याने विचारतात, "शिकतंस काय रे तू?"

"मोटारसायकल इंजिनिअरिंग, काका."

"किती वर्सां?"

"चार."

"चार वर्सां! पंक्चर काढूक?"

मी त्यांना टॉर्क, गिअर रेशो, डॅम्पिंग वगैरे समजावून सांगतो. काका पोटावरून हात फिरवत ऐकतात आणि शेवटी एक दीर्घ ढेकर देतात. त्यांच्या पोटात बारा महिने वायू असतो, त्यामुळे कुठल्याही विषयावर त्यांचं शेवटचं मत हेच असतं.

तर यंदा चतुर्थीच्या सुट्टीआधी गोकुळदास सरांनी मला बोलावून घेतलं. सर आम्हाला ट्रान्समिशन शिकवतात. म्हणाले, "साईश, तू वर्गात फार बोलतोस. आता करून दाखव!" आणि त्यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली. चक्क त्यांच्या स्वतःच्या मोटारसायकलची!

ही गाडी साधीसुधी नव्हे. तिची कंपनी कधीच बंद पडलीय. लग्न झाल्यावर सरांनी बायकोला पहिल्यांदा हिच्यावरूनच मोर्जीचा समुद्र दाखवायला नेलं होतं. आणि आता त्याच बायकोनं हिच्यावर पाय टाकायला साफ नकार दिला होता. कारण क्लच सोडला की गाडी असा काही हिसका द्यायची की मागच्याचं हेल्मेट पुढच्याच्या हेल्मेटवर आपटायचं. ठण्ण! तिसऱ्या गिअरपर्यंत पोचेस्तोवर देवळातली आरती चालू आहे असं वाटावं.

"हा हिसका घालव," सर म्हणाले. "सुट्टीनंतर तुझं प्रॅक्टिकल. मी चालवीन, मागे आमच्या मॅडम बसतील. हेल्मेट आपटलं तर तू नापास. आणि एकही पार्ट हरवता कामा नये. दुसरा मिळणार नाही!"

"सर, एका दुपारचं काम!" मी म्हटलं.

गाडी घरी आणेपर्यंत माझी कंबर गेली, पण आजार कळला. तुम्हाला सोपं करून सांगतो. मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या पोटात एक रबर बसवलेलं असतं. त्याला म्हणतात ड्रम रबर. इंजिनाचा दणका आधी ते स्वतः खातं आणि उरलेला तेवढा चाकाला देतं. आमच्या घरात बाबांचा राग आधी आई घेते आणि आमच्यापर्यंत थोडासाच पोचू देते ना, अगदी तसं. सरांच्या गाडीतलं रबर पाच कंगोऱ्यांचं होतं, मुठीएवढं, काळंकुट्ट. म्हातारपणानं आक्रसून दगडासारखं कडक झालेलं, त्यामुळे आपल्या जागेत खुळखुळत होतं. एका बाजूला त्याच्यावर सातचा आकडा उठलेला. मी ते काढलं, रॉकेलनं स्वच्छ धुतलं, आणि सोप्यावर एक सूप दिसलं त्यात वाळत ठेवलं. वाळलं की भोवती जुन्या ट्यूबच्या पट्ट्या भरायच्या, संपलं काम!

इथे मी एक विसरलो. दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती आणि आमचे बाबा माटोळी बांधत होते.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, फुलं, भाज्या बांधतात. ती माटोळी. तिच्या स्पर्धा असतात. ज्याच्या माटोळीत प्रकार जास्त आणि दुर्मिळ, तो पहिला. आमचे बाबा, म्हणजे कृष्णनाथ मळीक, सलग तीन वर्षं दुसरे येत होते. पहिले यायचे खालच्या वाड्यावरचे रघुनाथमामा. चौथ्यांदा दुसरा नंबर आला तर बाबा रघुनाथमामांच्या दुकानातून मीठसुद्धा आणणार नव्हते, आणि वाड्यावर दुसरं दुकान नाही.

म्हणून बाबा आणि भिकाजीकाका चार दिवस रान तुडवत होते. पोत्यानं वस्तू आणल्या. माट्टी, कांगलां, कवंडळं, आंबाडे, नागुलकुडो, काय काय! ते सगळं आईनं धुऊन सुपांत काढलं आणि सोप्यावर मांडलं. बाबांचा चष्मा आदल्या आठवड्यात म्हशीच्या पायाखाली गेला होता.

संध्याकाळी मी रबर घ्यायला आलो. सूप रिकामं!

"आई, इथलं माझं रबर?"

"तुझी ती तेलकट लोखंडां आमी कित्या घेव? हंय देवाचां काम चललां!"

मी खाटेखाली पाहिलं, रांजणात पाहिलं, कोंबड्यांच्या खुराड्यात हात घालून पाहिलं. कोंबडीनं बोट फोडलं. सेजल म्हणाली, "आवाज ऐकून सांग ना कुठे आहे ते!"

दोन दिवस मी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खाल्ल्या, पण गोड लागल्या नाहीत. डोळ्यांपुढे सरांचा चेहरा. अहो, माणसानं विश्वासानं आपली लग्नाची गाडी दिलेली! मला खरंच रडू येत होतं. नापास होण्याचं तर होतंच, पण सरांना "हरवलं" कसं सांगायचं?

तिसऱ्या दिवशी स्पर्धेच्या परीक्षक बाई आल्या. वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या, डोळ्यांवर मोठा चष्मा, हातात मोबाईल. बाबा धुतलेलं धोतर नेसून उभे. बाई माटोळीखाली मान वर करून फिरू लागल्या.

"हे?"

"कांगलां, बाई."

"हे?"

"घोटींग."

"सुंदर! आणि हे काळं?"

मी वर पाहिलं. नारळांच्या घडाशेजारी, केवणीच्या सालीच्या दोरीनं नीट बांधलेलं, दोन्ही बाजूंना पाच कंगोऱ्यांची आंबट करमलं आणि मध्ये ऐटीत डुलत होतं... सरांचं ड्रम रबर!

बाबांनी डोळे बारीक करून वर पाहिलं. त्यांना वाटलं ते भिकाजीकाकांनी आणलेलं. भिकाजीकाकांना वाटलं ते बाबांनी आणलेलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पण तीन वर्षं दुसरा आलेला माणूस परीक्षकासमोर "माहीत नाही" म्हणत नसतो.

"ता काळां करमल, बाई!" बाबा म्हणाले.

"काळं करमल? मी कधी ऐकलं नाही!"

"मेळणा नाय खंय! फक्त आमच्या किल्ल्याकडे. तांय खूप वर्सांनी एकदा धरता."

"औषधी आहे?"

"तर काय!" आता भिकाजीकाका सरसावले. "पोटाक एकदम बरां! वायू तर रवणाच नाय!"

बाईंनी स्टूल मागवलं. वर चढून फोटो काढले, चार बाजूंनी. "काय घट्ट साल आहे हो! आणि हे बघा, नैसर्गिक खूण! थेट सातच्या आकड्यासारखी!"

"सगळ्यांक असता बाई, सात," बाबा म्हणाले. आता थांबायची त्यांची तयारीच नव्हती.

मी तोंड उघडलं. बाबांकडे पाहिलं. माणूस इतका आनंदात होता की अंगणातला कंदीलही त्याच्यापुढे फिका वाटत होता. मी तोंड मिटलं. संध्याकाळी निकाल लागला. पहिले, कृष्णनाथ मळीक, "अतिदुर्मिळ फळाच्या विशेष उल्लेखासह"! बाबांनी रघुनाथमामांच्या दुकानात जाऊन स्वतः दोन किलो मीठ आणलं. घरात मीठ भरपूर होतं.

आता मला रबर खाली काढायचं होतं. पण गणपती विसर्जन होईपर्यंत माटोळीला हात लावायचा नाही! आमचा गणपती पाच दिवसांचा. मी आईला खरं सांगून टाकलं.

"आई, ते काळं करमल म्हणजे माझ्या गाडीचं रबर आहे गं!"

आई खोबरं किसत होती. ती किसायची थांबली. मग हळूच म्हणाली, "बाबांका सांगलंस?"

"नाही."

"सांगा नुको हां! तीन वर्सांनी हसलेहत ते. आणि माटोळीक हात लावशीत तर बघ!"

पण मी इंजिनिअर. हात लावायचा नाही ना? मग हात न लावता! चौथ्या दिवशी आरतीच्या वेळी, सगळे डोळे मिटून घुमट वाद्याच्या तालावर रंगलेले असताना, मी मागून आंबे काढायची काठी वर सरकवली. आकडा रबराच्या दोरीत अडकवला. हलकेच ओढला. रबर हललं नाही, ते दगडासारखं! पण त्याच्या शेजारचा पिकलेला चिबूड हलला. मग लोंबला. मग सुटला!

तो थेट भटजींच्या डोक्यावर फुटला. आरती थांबली. भटजींच्या कानांवरून बिया ओघळत होत्या. त्यांनी एक बी जिभेवर घेतली, म्हणाले, "गोड आसा," आणि पुढचं कडवं सुरू केलं. असे भटजी सगळीकडे मिळत नाहीत. पण बाबांनी माझ्या हातातली काठी पाहिली होती.

"कित्या केलंस ह्यां?"

"चिबूड... खावासा वाटला."

त्यानंतर बाबा माटोळीखाली खुर्ची टाकून बसले. जेवायलाही तिथेच!

पाचव्या दिवशी विसर्जन. मी ठरवलं, मूर्ती नदीवर पोचवायची आणि सगळ्यांच्या आधी धावत घरी यायचं. पण मूर्तीचा पाट धरायला बाबांनी मलाच पुढे घातलं. "पयल्या नंबराचो गणपती! झिलान धरूक व्हयो!" पाणी छातीपर्यंत आलं, तीनदा बुडवून झालं, वाळूचा प्रसाद घेऊन मी ओल्या कपड्यांनी पळत सुटलो. घरी पोचलो तर चौकट मोकळी! विसर्जनानंतर माटोळीतली फळं शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायची असतात, आणि सेजलनं ते काम मूर्ती घरातून निघाल्याबरोबरच भलत्याच उत्साहानं उरकलं होतं.

"काळं करमल?" मी ओरडलो.

"भिकाजीकाकांनी नेलं. म्हणाले, पोटासाठी मला हवं."

"तू दिलंस?"

"मला काय माहीत! तुम्ही कुणी मला सांगितलंत?"

हे मात्र खरं होतं. आईनं मला गप्प केलं होतं आणि सेजलला सांगायचं दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

मी कुंपणावरूनच उडी मारली. काकांच्या स्वयंपाकघरात कुकर शिट्या देत होता. काका समोर बसलेले, हातात वाटी, चेहऱ्यावर भाविक भाव.

"काका! आत काय आहे?"

"काळां करमल! सुंठ, मिरी, ओवो घातलंय. काय चिवट फळ रे! गणपती गेल्यापासून शिट्यो काढतंय, शिजूकच तयार नाय!"

"काका, तुम्ही प्यायलात?"

"चमचोभर. वास बगलंस तर पेट्रोल पंपार उभो आसय असां वाटता. पण औषध म्हणजे असांच रे!"

"आणि पोट?"

काकांनी पोटावरून हात फिरवला. ढेकर आली नाही. ते स्वतःच चकित झाले. "हलकां जालां!"

काही म्हणा, पुन्हा पिऊ देणं मला जमलं नसतं. मी म्हटलं, "काका, हे फळ दोनदा घेतलं तर उलटतं." वाटी मोरीत ओतली, कुकर उघडला आणि चिमट्यानं रबर बाहेर काढलं. वाफाळतं, ओव्यात माखलेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं मिरीमुळे, पण खरं सांगतो, जास्त आनंदामुळे!

घरी आणून बोटानं दाबलं. आणि काय सांगू? दबलं! दगडासारखं रबर मऊ झालं होतं! आणि चांगलं फुगलंही होतं. चाकात बसवायला घेतलं तर सहज जाईना, हातोडीची दांडी लावून बसवावं लागलं. कुठे खुळखुळ नाही, ट्यूबच्या पट्ट्यांची गरजही नाही. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात कुठेही न शिकवलेली गोष्ट भिकाजीकाकांच्या कुकरनं केली होती. पण हे सरांना थोडंच सांगायचं होतं!

प्रॅक्टिकलच्या दिवशी मी गाडी घेऊन कॉलेजात पोचलो. सर फाटकापाशी उभे होते. शेजारी त्यांच्या मॅडम, हातात हेल्मेट. मॅडम वळल्या. डोळ्यांवर मोठा चष्मा!

माटोळीच्या परीक्षक बाई!

"अरे, तू कृष्णनाथांचा मुलगा ना?" भाग्यलक्ष्मी मॅडम आनंदानं ओरडल्या. "काळं करमल! अरे, मी सगळी पुस्तकं पालथी घातली, कुठे नोंदच नाही! ह्यांनाही फोटो दाखवलाय. काय हो, दाखवला ना?"

"दाखवलास," सर म्हणाले. चेहरा असा, की त्यावरची माशीसुद्धा हलली नसती.

सरांनी गाडीकडे पाहिलं, मागच्या चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. गाडीवर बसले. मॅडम मागे बसल्या, आधीच डोळे घट्ट मिटून. सरांनी किक मारली, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

ठण्ण नाही!

दुसरा गिअर. नाही! तिसरा. नाही! गाडी कॉलेजच्या मैदानाला लोण्यातून सुरी फिरावी तशी चक्कर मारून आली. दुसऱ्या चकरेला मॅडमनी डोळे उघडले. तिसऱ्या चकरेला त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. सर आणखी दोन चकरा उगाचच मारून आले.

उतरल्यावर मॅडम नाक फुलवून हुंगत म्हणाल्या, "गाडी छानच झालीय! पण ओव्याचा वास कुठून येतोय?"

"कॅन्टीनमधून!" सर आणि मी एकदम म्हणालो.

मॅडम पाणी प्यायला गेल्या. सरांनी मला बाजूला घेतलं. "साईश."

"सर, चूक झाली, सर! बाबांना चष्मा नव्हता, आणि मी सूप..."

"मी फोटो त्याच संध्याकाळी ओळखला. सातचा आकडा माझ्या गाडीच्या रबरावरचा, मी नाही ओळखणार?"

"मग सर, तुम्ही फोन का नाही केलात?"

सरांनी मागे वळून पाहिलं, मॅडम ऐकत नाहीत ना याची खात्री केली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "अरे, लग्नाला एवढी वर्षं झाली. माझ्या गाडीच्या एखाद्या भागाचा फोटो दाखवत ती 'सुंदर' म्हणाली, हे आयुष्यात पहिल्यांदा घडलंय! मी कसा सांगू?"

त्यांनी मला पास केलं. हिसका घालवल्याचे पूर्ण मार्क, पार्ट सांभाळल्याचे शून्य. मी हसत हसत निघालो, तेवढ्यात मागून मॅडमची हाक आली.

"साईश, पुढच्या महिन्यात मी विद्यार्थ्यांना घेऊन हळर्णच्या किल्ल्यावर येतेय हं! काळ्या करमलाचं झाड बघायला. बाबांनी फोनवर 'जरूर दाखवतो' म्हटलंय!"

मी सरांकडे पाहिलं. सर तोंड फिरवून आपल्या गाडीची सीट पुसायला लागले होते.

बाबा तेव्हापासून रोज सकाळी नवा चष्मा लावून किल्ल्यावर जातात आणि झाड शोधतात. त्यांना अजूनही वाटतं ते भिकाजीकाकांनी तिथूनच आणलं. काकांना वाटतं ते बाबांनी आणलं; तेही सोबत असतात, त्यांना पोटासाठी हवंय. त्या दोघांना खरं सांगायची माझी हिंमत नाही आणि आईची परवानगी नाही.

तेव्हा मंडळी, एक विनंती. तुमच्या परसात काळं, पाच कंगोऱ्यांचं, कुकरमध्ये न शिजणारं फळ धरणारं झाड असेल तर कृपा करून कळवा. रोप चालेल, बी चालेल, वाळकी फांदीही चालेल. फक्त प्रत्येक फळावर सातचा आकडा हवा. मॅडमनी फोटो मोठा करून वर्गात लावलाय!